पुन्हा रिंगणात उतरलेला जुना लोकप्रतिनिधी आणि ‘मायनेता’: एका सेवेचे परीक्षण

अनेक वर्षे सभागृहात बसलेला आमदार किंवा खासदार पुन्हा उमेदवारी अर्ज भरतो, तेव्हा मतदाराच्या हाती त्याचा जो परिचय पडतो, तो बहुतेक वेळा त्याच्याच कार्यालयाने छापलेल्या कार्यअहवालातून आलेला असतो. त्या अहवालात भूमिपूजने असतात, सत्कार असतात, मंजूर निधीचे आकडे असतात. उमेदवाराने शपथेवर काय सांगितले आहे, हे मात्र त्यात नसते. ही उणीव भरून काढणारी सेवा म्हणून ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’ अर्थात एडीआर या संस्थेच्या ‘मायनेता’ या संकेतस्थळाचे परीक्षण येथे करीत आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: ही सेवा नवख्या उमेदवारापेक्षा जुन्या लोकप्रतिनिधीच्या बाबतीत कितीतरी अधिक उपयोगाची आहे, कारण तेथे एकाच व्यक्तीची अनेक निवडणुकांतील प्रतिज्ञापत्रे शेजारीशेजारी ठेवून वाचता येतात.

ही माहिती सहजासहजी खुली झालेली नाही. एडीआरने १९९९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २ मे २००२ रोजी उमेदवारांची पार्श्वभूमी जाणून घेणे हा मतदाराचा हक्क असल्याचा निकाल आला. त्यानंतर संसदेने लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ३३-ब घालून त्या निकालाचा परिणाम मर्यादित करण्याचा प्रयत्न केला. ते कलम १३ मार्च २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरविले. आज प्रत्येक उमेदवार नमुना २६ मध्ये जे प्रतिज्ञापत्र देतो, त्याच्यामागे हा संघर्ष आहे, आणि ‘मायनेता’ त्याच प्रतिज्ञापत्रातील मजकूर तक्त्यांच्या रूपात मांडते.

उमेदवाराच्या पानावर वय, शिक्षण, व्यवसाय, प्रलंबित खटले, आयकर विवरणपत्रांतील उत्पन्न, जंगम आणि स्थावर मालमत्ता व देणी हे सर्व क्रमाने येते. मालमत्तेच्या तक्त्यात स्वतः, पती किंवा पत्नी, हिंदू अविभक्त कुटुंब आणि अवलंबून असलेल्या व्यक्ती यांचे वेगळे रकाने असतात. त्याच पानावर त्या व्यक्तीने लढविलेल्या इतर निवडणुकांतील जाहीर मालमत्ता आणि खटल्यांची संख्या दिलेली असते. जुन्या लोकप्रतिनिधीला तपासणाऱ्याने आपला बहुतेक वेळ या छोट्या चौकटीतून उघडणाऱ्या जुन्या पानांवर घालवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

मात्र तेथील एकूण बेरीज घेऊन थांबू नये. दोन निवडणुकांच्या मधल्या काळात मालमत्ता तिप्पट झालेली दिसली की लगेच संशय घेण्याची सवय आपल्याला लागली आहे. परंतु नमुना २६ मध्ये स्थावर मालमत्तेचे अंदाजे चालू बाजारमूल्य मागितलेले असते, त्यामुळे वडिलोपार्जित शेतजमिनीजवळून महामार्ग गेला तरी आकडा फुगतो. नवी खरेदी कोणत्या वर्षी, किती रकमेला झाली आणि त्या वर्षांतील जाहीर उत्पन्न किती होते, ही तुलना खरी बोलकी असते. २०१९ पासून मागील पाच वर्षांच्या विवरणपत्रांतील उत्पन्न द्यावे लागत असल्याने ती आता शक्यही झाली आहे. याच्या उलट बाजूकडे तर फारच कमी लोकांचे लक्ष जाते. प्रतिज्ञापत्रात केवळ अवलंबून असलेल्या अपत्यांची मालमत्ता येते. पहिल्या निवडणुकीच्या वेळी शाळेत असलेली मुले चौथ्या निवडणुकीपर्यंत स्वतंत्र उद्योजक झालेली असतात आणि त्यांचे रकाने कागदावरून कायदेशीरपणे नाहीसे होतात. दीर्घ कारकीर्द असलेल्या घराण्याच्या बाबतीत ही उणीव किरकोळ नाही, आणि ती या सेवेची नसून नमुन्याची आहे, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

खटल्यांच्या रकान्याविषयी मला अधिक तक्रार आहे. ‘मायनेता’ प्रलंबित खटल्यांची संख्या ठळकपणे दाखविते, परंतु पाण्यासाठी रास्ता रोको करणाऱ्या आमदारावर बेकायदा जमावाचे कलम १४३ आणि आदेशभंगाचे कलम १८८ लावलेले असते, तर दुसऱ्या एखाद्यावर फसवणुकीचे ४२० असते. दोघांपुढेही आकडा तीनच दिसू शकतो. कलमांचा तपशील पानावर दिलेला आहे, हे मान्य. परंतु भारतीय दंड संहितेची कलमे पाठ नसलेल्या मतदाराला आंदोलनातून झालेला गुन्हा आणि आर्थिक गैरव्यवहाराचा गुन्हा यांतील फरक एका नजरेत कळावा, अशी मांडणी असायला हवी. जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाल्याने जुनी आणि नवी कलमे एकत्र वाचावी लागणार आहेत, म्हणून ही गरज वाढलीच आहे.

या सेवेची सर्वांत मोठी मर्यादा काळाची आहे. संगमनेरचे बाळासाहेब थोरात १९८५ पासून २०१९ पर्यंत सलग आठ वेळा निवडून आले आणि २०२४ मध्ये पराभूत झाले. त्यांच्या पहिल्या चार निवडणुका प्रतिज्ञापत्राच्या सक्तीपूर्वीच्या आहेत. सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ मध्ये प्रथम विधानसभेत गेले आणि २०१४ मध्ये अकराव्यांदा विजयी झाले. अशा कारकिर्दीचा मोठा भाग येथे सापडणारच नाही. त्यासाठी निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल उघडावेत. मताधिक्य कसे वाढले वा घटले, याचा सर्व विधानसभा निवडणुकांचा आलेख तेथून काढता येतो. मात्र २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेमुळे २००९ च्या आधीची आणि नंतरची मते सरळ तोलता येत नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

सभागृहातील काम हा तर नमुना २६ चा विषयच नाही. खासदारांसाठी ‘पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च’ ही संसदीय कामकाजाचा अभ्यास करणारी संस्था उपस्थिती, प्रश्न, चर्चेतील सहभाग आणि खासगी विधेयके यांची राष्ट्रीय व राज्य सरासरीसह नोंद ठेवते, आणि ती उत्तम आहे. परंतु मंत्री हजेरीपटावर सही करीत नाहीत आणि प्रश्नही विचारत नाहीत. म्हणून मंत्रिपद भूषविलेल्या ज्येष्ठ सदस्याच्या त्या वर्षांतील कोऱ्या रकान्यांना निष्क्रियता समजणे अन्यायाचे ठरेल. मुंबईतील आमदारांविषयी प्रजा फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था प्रगतिपुस्तक प्रसिद्ध करते. उर्वरित महाराष्ट्रातील मतदाराला मात्र आपल्या आमदाराने किती तारांकित प्रश्न विचारले, कोणत्या लक्षवेधी सूचना मांडल्या, हे विधिमंडळाच्या कार्यवाहीतून स्वतः शोधावे लागते. पाच वेळा निवडून आलेल्या माणसाच्या परिचयात हा भाग एवढा विरळ असावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

‘मायनेता’चा मजकूर मुख्यतः इंग्रजीत आहे आणि ग्रामीण मतदारासाठी हा मोठा अडसर आहे. महाराष्ट्रातील मूळ प्रतिज्ञापत्रे पुष्कळदा मराठीतच असतात व निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर त्यांच्या प्रती मिळतात. म्हणून तक्ता येथे पाहून मूळ कागद तेथे वाचणे सर्वांत चांगले. नावाचे इंग्रजी लेखन एकाहून अधिक प्रकारे होत असेल, तर प्रत्येक प्रकाराने शोध घ्यावा.

आणखी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. निवडणूक निर्णय अधिकारी रकाने कोरे आहेत की नाहीत हे पाहतो, त्यांतील मजकूर खरा आहे की नाही याची चौकशी करीत नाही. खोट्या माहितीसाठी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५-अ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, परंतु त्यासाठी कोणीतरी तक्रार घेऊन पुढे यावे लागते. एखाद्या मतदाराला उमेदवाराच्या शपथेतील त्रुटी ठाऊक असेल, तर त्याला प्रति-प्रतिज्ञापत्र दाखल करता येते आणि आयोग तेही प्रसिद्ध करतो.

मालमत्ता आणि खटले यांसाठी मी या सेवेला पाचपैकी साडेचार गुण देईन, लोकप्रतिनिधीच्या संपूर्ण कारकिर्दीसाठी मात्र अडीचच. ती विनाशुल्क आहे. अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर उमेदवारांची यादी निश्चित होते. त्यानंतर मतदानापर्यंतच्या दिवसांत आपल्या जुन्या आमदाराची सर्व उपलब्ध प्रतिज्ञापत्रे एका बैठकीत वाचून होतात, आणि प्रचारासाठी तो दारी आला की त्याला विचारायचे प्रश्न त्यातूनच तयार होतात.