वेब डेव्हलपमेंटचं प्रशिक्षण: कोर्स संपून सात-आठ महिने झाल्यावर

कोर्स संपतो त्या आठवड्यात सगळेच पाच स्टार देतात. सर्टिफिकेट नुकतंच हातात पडलेलं असतं, मेंटरशी गट्टी जमलेली असते. म्हणून मुद्दाम थांबले. आमच्या टीममधले, जावात बॅकएंडचं (सर्व्हरच्या बाजूचं) काम वर्षानुवर्षं केलेले काही प्रोग्रॅमर आणि त्यांच्यासोबत मी, असे आम्ही एका ऑनलाइन प्रशिक्षणाला बसलो. नंतर याच लोकांनी एक जुनी डेस्कटॉप प्रणाली वेबवर नव्याने उभी केली. त्या कामात काय टिकलं आणि काय उपयोगी पडलं नाही, यावरून हे लिहितेय. कोर्सचं नाव देत नाही. या धाटणीचे बरेच आहेत आणि निवडताना काय पाहावं हे जास्त कामाचं.

सगळ्यात आवडलं ते हे, की पहिला मोठा टप्पा फ्रेमवर्कशिवाय (तयार सांगाड्याशिवाय) होता. साधं एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट आणि ब्राउझरची डेव्हलपर टूल्स. काही जण वैतागले. नोकरीच्या जाहिरातीत रिॲक्ट (वेब पानं बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) मागतात आणि इथे फॉर्म सबमिट केल्यावर ब्राउझर नेमकं काय पाठवतो ते नेटवर्क टॅबमध्ये बघत बसायचं! पण आज काही अडलं की प्रत्येकाचा हात आधी तिथेच जातो. रिक्वेस्ट गेली का, कुठल्या हेडरसह (सोबतच्या माहितीसह) गेली, उत्तर सर्व्हरने दिलं की ब्राउझरच्या कॅशमधून (आधीच्या साठ्यातून) आलं. बऱ्याच भानगडी कोड उघडण्याआधीच उलगडतात.

सीओआरएसचंच घ्या, म्हणजे एका पत्त्यावरच्या पानाला दुसऱ्या पत्त्यावरच्या सर्व्हरचं उत्तर वाचू द्यायचं की नाही याचा नियम. कन्सोलमध्ये ती लाल ओळ दिसली की नवखा माणूस फ्रंटएंडचा कोड उसवायला घेतो. परवानगी द्यायची असते सर्व्हरने, अडवत असतो ब्राउझर, आणि तीच रिक्वेस्ट पोस्टमन या रिक्वेस्ट पाठवून बघायच्या टूलमधून बिनबोभाट जाते, कारण तिथे अडवायला ब्राउझरच नसतो. प्रशिक्षणात हे तोंडी सांगून सोडलं नाही. दोन वेगळ्या पोर्टवर दोन छोटे सर्व्हर चालवून आम्हालाच ते मोडायला आणि मग जुळवायला लावलं.

फेच, म्हणजे जावास्क्रिप्टमधून सर्व्हरकडे विचारणा करायचं फंक्शन, त्याचा धडाही असाच लक्षात राहिला. सर्व्हरने 404 (सापडलं नाही) दिला, 500 (सर्व्हरचीच चूक) दिला, तरी फेचचं प्रॉमिस (पुढे येणाऱ्या उत्तराची हमी) रिजेक्ट होत नाही. नेटवर्क तुटलं, सीओआरएसने अडवलं किंवा रिक्वेस्ट रद्द झाली, अशा वेळीच होतं. म्हणजे कॅच ब्लॉक (चूक पकडणारा कोड) लिहून निर्धास्त झालात तर एरर पेज हाच डेटा समजून कोड पुढे जातो. प्रतिसादाचं ‘ओके’ आपणच तपासायचं. जावातल्या बऱ्याच लायब्ररी अशा वेळी सरळ एक्सेप्शन फेकतात, त्यामुळे आमच्या लोकांना हे उफराटंच वाटलं. इव्हेंट लूपच्या (कोडचे तुकडे कुठल्या क्रमाने चालतात त्याच्या) वेळीही तीच गत. शून्य मिलिसेकंदांचा सेटटाइमआउट (ठरलेल्या वेळाने कोड चालवायची सोय) आणि आधीच रिझॉल्व झालेलं प्रॉमिस, दोन्हींत आधी काय चालेल? थ्रेड्सची सवय असलेल्यांनी पैजा लावल्या. (प्रॉमिस आधी.)

पुढे रिॲक्ट आलं तेव्हा मात्र गाडी घसरली. व्हिडिओ जुने होते. हुक्स, म्हणजे पानाचे भाग (कंपोनंट) साध्या फंक्शनने लिहूनही त्यांत बदलती माहिती (स्टेट) ठेवायची सोय, 2019 च्या सुरुवातीला रिॲक्ट 16.8 मध्ये आले, तरी क्लास कंपोनंटच्या जुन्या पद्धतीवर अख्खे धडे खर्ची पडलेले. प्रोजेक्ट सुरू करायला क्रिएट रिॲक्ट ॲप. जे रिॲक्टच्याच टीमने फेब्रुवारी 2025 मध्ये नव्या ॲपसाठी बाद ठरवलं. मेंटर चांगला होता म्हणून निभावलं. तो दर वेळी ‘हे सोडा, व्हीट वापरा’ म्हणून पुढे न्यायचा (व्हीट हे त्याच कामाचं नवं टूल). पण मग रेकॉर्डिंगचा उपयोग काय? एकट्याने, मेंटरशिवायचा स्वस्त प्लॅन घेऊन शिकणाऱ्याचं इथे हमखास नुकसान.

त्याच टप्प्यातला एक स्वाध्याय मात्र सोन्यासारखा होता. शोधायचा बॉक्स. प्रत्येक अक्षराला सर्व्हरकडे विचारणा. नेटवर्क मुद्दाम मंद केलं की आधीच्या अक्षरांचं उत्तर उशिरा येतं आणि नव्या निकालावर जाऊन बसतं. बॉक्समध्ये एक शब्द आणि खाली भलतीच यादी. इफेक्टच्या क्लीनअपमध्ये (नवी विचारणा सुरू होण्याआधी जुनं आवरायची रिॲक्टमधली जागा) जुनी रिक्वेस्ट ॲबॉर्टकंट्रोलरने रद्द करायची, हे त्यातून शिकलो. आमच्या प्रकल्पात हाच प्रश्न जसाच्या तसा आला आणि कुणाला शोधाशोध करावी लागली नाही.

आता सगळ्यात मोठी तक्रार. सुरक्षेला एकच सत्र, तेही शेवटी, सगळे फायनल प्रोजेक्टच्या घाईत असताना. लॉगिनचं टोकन (लॉगिन झाल्याची खूण) लोकलस्टोरेजमध्ये (ब्राउझरमधल्या साठ्यात) ठेवायला शिकवलं, पण पानावर घुसलेली कुठलीही स्क्रिप्ट ते वाचू शकते हे उडत उडत सांगितलं. एचटीटीपीओन्ली कुकी स्क्रिप्टला वाचता येत नाही, हे आम्ही नंतर आपलं आपण गिरवलं. त्याहून वाईट म्हणजे नमुना प्रोजेक्टमध्ये ‘ॲडमिन नसेल तर डिलीटचं बटण लपवा’ एवढ्यावरच अधिकारांचा विषय संपला होता. सर्व्हरवर तपासणी नाहीच! डेव्हलपर टूल्स उघडून तीच रिक्वेस्ट हाताने पाठवली की रेकॉर्ड गायब. ओवॅस्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या 2021 च्या टॉप टेन धोक्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर हीच गोष्ट आहे, प्रवेशाधिकारांतली गळती. ज्या प्रशिक्षणाने नेटवर्क टॅब इतका मन लावून शिकवला, त्यानेच इथे डोळेझाक करावी याचं मला अजून नवल वाटतं.

टेस्टिंगही असंच कडेला टाकलेलं. ॲक्सेसिबिलिटी (अपंगांनाही ॲप वापरता येणं) तर नावापुरती: इमेजला ऑल्ट (चित्राचं शब्दांत वर्णन) द्या, मजकूर आणि पार्श्वभूमीचं कॉन्ट्रास्ट 4.5 ला 1 ठेवा, संपलं. माउस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डवर ॲप चालवून बघायला पाच मिनिटं लागतात, तेवढं तरी करून घ्यायला हवं होतं.

कोड रिव्ह्यूबद्दल मात्र भरभरून लिहीन. दर असाइनमेंटची पुल रिक्वेस्ट (कोड तपासून सामील करून घ्यायची विनंती), आणि मेंटरचे ओळीगणिक शेरे. ‘छान’, ‘गुड जॉब’ असले नाहीत. ही स्टेट इथे कशाला, ती वरच्या दोन स्टेट्सवरून काढता येते, हा डिव्ह (पानावरचा साधा चौकोन) बटणासारखा वागतोय तर बटणच का नाही, असे. एआयकडून कोड घ्यायला बंदी नव्हती, पण रिव्ह्यूत बोट ठेवलेली ओळ समजावता आली नाही तर असाइनमेंट परत. सुरुवातीला कुरकुर झाली, नंतर लोक मागवलेला कोड स्वतःच छाटून द्यायला लागले.

कुणी घ्यावं? एखादी भाषा पक्की येत असलेल्याने जरूर. पहिल्यांदाच प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याने नको. लूप आणि फंक्शन येतं हे गृहीत धरून दुसऱ्याच दिवशी वेग वाढतो. पैसे भरण्याआधी दोन गोष्टी मागून घ्या: रेकॉर्डिंग कधीची आहेत, आणि मेंटरने रिव्ह्यू केलेली एखादी खरी पुल रिक्वेस्ट. दुसरी दाखवायला टाळाटाळ झाली तर मी तरी पुढे जाणार नाही.

आमची पुढची बॅच याच कोर्सला जातेय. अधिकार आणि टेस्टिंग आम्ही टीममध्येच शिकवणार आहोत. त्यासाठी प्रकल्पातल्या जुन्या पुल रिक्वेस्ट वेगळ्या काढून ठेवल्या आहेत.