दुसरी-तिसरीच्या पोराला ॲबॅकस लावू, पाढे घोकवू की काड्या मोजायला देऊ?

पोर ५२ − २७ चं उत्तर ३५ लिहून आणतं आणि घरात दोन पार्ट्या पडतात. आजोबा म्हणतात पाढे पाठ करून घ्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर ॲबॅकसच्या डेमोची लिंक फिरत असते. आइस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँड हा तिसरा पर्याय फुकटचा, म्हणूनच बहुतेक कुणी सुचवत नाही. घाबरू नका, 'असर' या शालेय मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीच्या २०२४ च्या रिपोर्टमध्ये ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या १०० पैकी साधारण ३४ मुलांनाच वजाबाकी जमली होती.

आधी ते ३५ आलं कुठून बघा. "दोनातून सात जात नाहीत" असं बाई म्हणाल्या, मग पोराने सातातून दोन घालवले, विषय संपला. वजाबाकी येते त्याला, पण ५२ म्हणजे पाच दशक आणि दोन सुटे हे डोक्यात नाहीये. त्यात बावन्न म्हणताना दोन आधी ऐकू येतात आणि लिहायचे नंतर, त्यामुळे काहीजण ५२ च्या जागी सरळ २५ लिहून मोकळे. २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात जुन्याच्या जोडीला 'पन्नास दोन' दिलं तेव्हा केवढी टिंगल झाली, पण अडचण खरीच होती हो.

ॲबॅकसवर वरचा मणी ५ चा, खालचे चार एकेकाचे. ५२ मांडायचे, २० काढायचे, ७ काढायला मणी पुरत नाहीत म्हणून ७ चा 'बिग फ्रेंड', म्हणजे दहा व्हायला लागणारे ३, वापरून १० काढा, ३ टाका, आले २५. स्पीड मस्त येतो, मुलांना मजाही येते. पण ज्याला दशक सुटा करणंच कळलेलं नाही तो हे फक्त सूत्र म्हणून पाठ करतो आणि शाळेच्या वहीत उभी मांडणी आली की पुन्हा ३५. वर लेव्हलमागून लेव्हल फी.

पाढ्यांचा या गणिताला काडीचा उपयोग नाही. भागाकार आला की मात्र त्यांच्याशिवाय चालत नाही, तेव्हा बे, पाचा, दहा एवढे आत्ता सुरू करा. पावकी-निमकी आजोबांना हौस असेल तर!

आणि काड्या. दहाचे पाच गठ्ठे, दोन सुट्या, "मला सत्तावीस दे" म्हणा आणि गप्प बसा. दोन गठ्ठे पटकन येतील, मग दोन सुट्या, मग ते अडकेल, तुमच्याकडे बघेल, आणि थोड्या वेळाने स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढेल. लगेच तेच कागदावर मांडून घ्या, नाहीतर काड्या राहतात काड्यांपाशी आणि वही वहीपाशी. तोटा एकच, रोज घरातल्या कुणाला तरी पंधरा-वीस मिनिटं बसावं लागतं, क्लासला सोडून भाजी आणायला जाता येत नाही. जमलं की दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी घ्या, नाहीतर पोर चौथीतही एकेक काडी मोजत बसेल.

माझं मत विचाराल तर आधी काड्या, मग पाढे, ॲबॅकस आवड असेल तर तिसरीनंतर. डेमोला गेलातच तर तिथल्या मुलाला स्पीड दाखवायला सांगू नका, "दहा काढून तीन का टाकले?" एवढंच विचारा.