मर रोगावर ‘सुगंधी तेल’ विकणारा आला तर आधी हे वाचा

सांगोला तालुक्यात माझी दोन एकर ‘भगवा’ जातीच्या डाळिंबाची बाग आहे. गेल्या हस्त बहारात, म्हणजे पावसाळा सरतानाच्या फुलोऱ्याच्या हंगामात, सात झाडांना मर लागली. आधी एखादी फांदी पिवळी पडते, मग बघता बघता अख्खं झाड वाळतं. खोड आडवं कापलं की आत काळपट डाग दिसतात. बाग डोळ्यांदेखत जाताना माणूस कुणाचंही ऐकतो, तसं मीही ऐकलं.

गाडीवरून आलेल्या त्या माणसानं दोन काचेच्या ताटल्या दाखवल्या. एकीत बुरशी भरगच्च वाढलेली, दुसरीत ओवा-लवंगेच्या तेलाचा थेंब टाकलेला आणि बुरशी नाही. ‘‘दादा, शंभर टक्के नैसर्गिक. रोगट झाडं काढू नका, तीसुद्धा फुटतील,’’ म्हणाला. लिटरला 4,800 रुपये. सहा लिटर घेतलं, रोख दिले. बिल नंतर पाठवतो म्हणाला, ते आलंच नाही.

ताटलीतलं खोटं नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. ओव्याच्या तेलातलं थायमॉल आणि लवंगेतलं युजेनॉल बुरशीला मारक आहेत. पण झाकलेल्या ताटलीत वाफ कोंडून राहते, रानात ती उडून जाते. उरलेलं तेल मातीला आणि शेणखताला धरून बसतं. शिवाय मरीची सेराटोसिस्टिस बुरशी मुळातून शिरून खोडाच्या लाकडात बसलेली असते. वरून ओतलेलं तेल तिथवर जात नाही. हे सगळं मला नंतर केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात खोडाचा तुकडा घेऊन गेलो तेव्हा समजलं.

दोनशे लिटरच्या ड्रममध्ये तेल ओतलं, काठीनं ढवळलं. पाच मिनिटांत वर इंद्रधनुषी तवंग आला. तेल पाण्यात मिसळतच नव्हतं. ड्रमच्या खालच्या नळानं आळवणी केली, म्हणजे झाडांच्या बुंध्याशी ते पाणी ओतलं. पहिल्या झाडांना नुसतं पाणी गेलं आणि वर तरंगणारं घट्ट तेल सगळ्यात शेवटी, शेवटच्या ओळीला. चौथ्या दिवशी त्या ओळीची पानं कडेनं करपली. बुंध्याशी उकरून पाहिलं, पांढरी मुळी तपकिरी होऊन बोटात चुरली. तिथंच ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी, सोडला होता, तोही जगला नसणार.

पैसे 28,800 गेले, त्याचं दुःख आहेच. पण खरा घात त्या एका वाक्यानं केला. रोगट झाडं दोन महिने उभी ठेवली. एकाच कात्रीनं छाटणी केली, मुळाला मूळ भिडलेलं, एकाच पाटानं पाणी. सातची एकतीस झाली. वेळीच ती मुळासकट काढून जाळली असती, शेजारच्या निरोगी झाडांना शिफारशीच्या बुरशीनाशकाची आळवणी केली असती, तर निम्मी तरी वाचली असती.

तक्रार करायला गेलो तर कृषी अधिकाऱ्यांनी बिल आणि बॅच नंबर मागितला. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. बाटलीवर नोंदणी क्रमांक नाही, उत्पादनाची तारीख नाही, मुदत नाही. रोगावरचं औषध म्हणून विकायचं तर 1968 च्या कीटकनाशक कायद्यानं हे सगळं लेबलवर लागतं. लेबलवर नुसता हिरवा पाला छापलेला. त्याचा फोन आता बंद आहे.

परवा मंगळवेढ्याच्या एका पाहुण्यानं फोनवर विचारलं, ‘‘मरीवर एक तेल आलंय म्हणं, घेऊ का?’’ बाटलीचा फोटो मागवला. तोच हिरवा पाला.