हॅबिटॅटच्या घरबांधणीचा आठवडा: एका निवृत्त ओव्हरसियरचा अभिप्राय

सातारा जिल्ह्यात बांधकाम खात्यात नोकरी झाली. त्यामुळे अमेरिकेत अटलांटाला लेकीकडे असताना ‘हौशी लोक आठवड्यात घर बांधतात’ हे ऐकून हसूच आलं. तिच्या शेजारणीच्या चर्चचा गट त्याच जॉर्जिया राज्याच्या दक्षिण भागात, गरजूंसाठी घरं बांधणाऱ्या हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेच्या कामावर निघाला होता, त्यात नाव दिलं.

आधी बांधकाम. विटा नाहीत, गिलावा नाही. १६ इंचांच्या अंतरानं उभे लाकडी दांडे, त्यांवर फळ्या. आपल्याकडे याला मांडव म्हणतील. पण सुपरवायझर पक्का. सूत मारल्याशिवाय खिळा नाही, खिडकीची लेव्हल तो स्वतः बघणार. पाया आधीच तयार होता, विजेचं काम परवानावाल्यांचं. आम्ही फक्त भिंती उभ्या केल्या. छप्पर पुढच्या तुकडीचं.

मला तेच जड गेलं. मोजमाप पुस्तकात नोंद झाल्याशिवाय बिल न सोडणारा माणूस मी. इथे कोण कुठली माणसं येऊन आपलं काम पुरं करतील, हे धरून निघायचं! घर ज्या बाईंना मिळणार होतं त्या रात्रपाळी करून यायच्या आणि शेजारच्या घरावर खिळे ठोकायच्या. ‘तुमचं घर कधी?’ विचारलं, तर म्हणाल्या, ‘येतील की कुणीतरी.’

घर फुकट नाही. हप्ते असतात, शिवाय स्वतः शेकडो तास राबावं लागतं. मिलर्ड आणि लिंडा फुलर यांनी १९७६ मध्ये संस्था काढली, पण कल्पना रुजली ती जॉर्जियातल्याच अमेरिकस गावाजवळच्या कोइनोनिया या शेतीवस्तीत. १९४२ पासूनची ही वस्ती गोऱ्या-काळ्यांना एका पंगतीला बसवायची, म्हणून पुढे तिच्यावर बहिष्कार पडला, गोळ्याही झाडल्या गेल्या. गरिबाकडून व्याज घेऊ नये ही बायबलातली आज्ञा त्यांनी थेट गृहकर्जाला लावली. आमच्या सावकारांना कुणी सांगावं!

सकाळी कामाआधी छोटी प्रार्थना होते. मी मनात विठ्ठल म्हटलं. धर्म कुणी विचारला नाही, घर मिळायलाही ती अट नाही.

२००६ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर लोणावळ्याजवळ मळवलीला याच संस्थेची १०० घरं बांधायला आले, तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. ‘फोटोपुरतं असेल,’ अशी आमच्यात कुजबुज होती. जॉर्जियाच्या उन्हात दुपारपर्यंत हातोडी चालवल्यावर त्या वयाचा हिशेब वेगळाच लागतो.

जेवण मात्र चर्चच्या गटाकडे होतं, आणि शाकाहारी म्हणजे चीज सँडविच अशी त्यांची समजूत. चटणी, मेतकूट जवळ ठेवा. बूट जाड तळाचे हवेत. १६ वर्षांखालच्यांना बांधकामावर घेत नाहीत, त्यामुळे नातवाची हौस राहिली. विमानानं दुसऱ्या देशात जाऊन हे करण्याच्या सहली मला पटत नाहीत. तिकिटाच्या पैशात तिथलाच गवंडी कितीतरी दिवस कामावर राहील. जवळपास असाल तर जा.

पाचपैकी चार. एक गुण जेवणाचा कापला.