लिफ्ट केलेल्या गाडीत शॉक आणि बंप स्टॉपची जोडी : काही महिन्यांच्या वापरानंतर

गाडी लॅडर फ्रेमची, पुढे-मागे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकच अखंड दांडा) आणि कॉइल स्प्रिंग. ५० मिमी लिफ्टच्या, म्हणजे गाडी तेवढी उंच करणाऱ्या स्प्रिंगा, लांब स्ट्रोकचे (दांडा आत-बाहेर जास्त सरकणारे) मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचे शॉक ॲब्सॉर्बर, फोमचे बंप स्टॉप (ॲक्सल वर आला की त्याला अडवणारे ठोकळे) आणि त्यांच्या वर ॲल्युमिनियमचे स्पेसर एवढं सगळं एकदमच बसवलं. त्यानंतर बरेच महिने दगड, वाळू, चिखल आणि लाटा पडलेले कच्चे रस्ते असं सगळीकडे गाडी भरपूर चालवली. ती आधीपेक्षा खूप चांगली चालते, आणि याचं श्रेय मी शॉकइतकंच बंप स्टॉपलाही देतो.

लिफ्ट म्हटलं की बोलणं स्प्रिंगवर आणि टायरवर येऊन थांबतं. पण स्प्रिंग फक्त गाडी किती उंच उभी राहणार ते ठरवते. दणका बसल्यावर ॲक्सल वर कुठे थांबणार, ते बंप स्टॉपच्या हातात असतं आणि नुसत्या स्प्रिंगा बदलल्या तर ती जागा तसूभरही हलत नाही. लांब शॉक मात्र उघडल्यावर जसा लांब, तसाच पूर्ण मिटल्यावरही जुन्यापेक्षा लांब असतो. मोनोट्यूबमध्ये तर तेलाखाली तरंगता पिस्टन आणि त्याखाली गॅसची जागा, त्यामुळे मिटलेली लांबी आणखी वाढते. मूळ बंप स्टॉप तसाच ठेवला तर ॲक्सल त्याच्यावर नीट दबण्याआधीच शॉक आतून संपतो. मग गाडीचं सगळं वजन पिस्टनवर, दांड्यावर आणि चासीवरच्या ब्रॅकेटवर येतं. वाकलेले दांडे आणि मुळापासून उखडलेले ब्रॅकेट बहुतेक असेच होतात, आणि दोष मात्र शॉकच्या माथी मारला जातो.

माझ्या मागच्या ॲक्सलवरच्या शॉकचे आकडे देतो. जुना मिटून ३३० मिमी, उघडून ५२०. नवा मिटून ३६५, उघडून ५९०. म्हणजे स्ट्रोक १९० वरून २२५ झाला, पण मिटलेली लांबीही ३५ मिमीने वाढली. स्पेसर ३५ मिमीचा लावला की झालं, असं इथे वाटू शकतं. सॉलिड ॲक्सलवर तो पुरत नाही. शॉक बंप स्टॉपच्या बाहेरच्या बाजूला, चाकाकडे असेल तर एकच चाक वर गेल्यावर ॲक्सल तिरका होतो आणि शॉक बंप स्टॉपपेक्षा जास्त दबतो. म्हणून मोजमाप दोन्ही चाकं सारखी वर नेऊन करायचं नाही, एक चाक वर आणि दुसरं लटकत ठेवून करायचं.

पद्धत सोपी आहे, वेळ मात्र द्यावा लागतो. चासी भक्कम स्टँडवर ठेवली, स्प्रिंगा आणि बंप स्टॉप काढले, शॉक जागेवर ठेवले आणि जॅकने एका बाजूचा ॲक्सल हळूहळू वर नेला. शॉक पूर्ण मिटायला १२ मिमी बाकी असताना थांबून बंप स्टॉपच्या बैठकीपासून ॲक्सलवरच्या पॅडपर्यंतचं (बंप स्टॉप जिथे टेकतो ती जागा) अंतर मोजलं. ते ६५ मिमी भरलं. एवढी जागा दबलेल्या बंप स्टॉपने आणि स्पेसरने मिळून अडवायची. माझा फोम मोकळा ७५ मिमी आणि पूर्ण दबून साधारण २५. उरले ४०, तोच स्पेसर. मोकळी उंची धरून हिशेब केला तर सगळं चुकतं, कारण मायक्रोसेल्युलर फोम दबून जवळजवळ एक तृतीयांश होतो आणि टणक रबर तेवढं कधीच दबत नाही.

पुढच्या ॲक्सलला शॉकने नाही, टायरने आकडा ठरवला. शॉकला ३० मिमीचा स्पेसर पुरत होता, पण स्टिअरिंग पूर्ण वळवून चाक वर नेलं की मोठा टायर मडगार्डच्या आतल्या कडेला लागत होता. म्हणून तिथेही ४०.

आता वापराबद्दल. लिफ्ट ५० मिमीची असली तरी मागे चाकाला वर जायला मोकळीक फक्त १० मिमीने वाढली, ८० वरून ९०. खाली लटकायची ९५ वरून ११५ झाली. ऐकायला कमी वाटेल, पण आता तो सगळा ट्रॅव्हल, म्हणजे चाकाची वर-खाली हालचाल, धास्ती न बाळगता वापरता येतो. शॉकच्या दांड्यावर एक केबल टाय सैलसर बांधून ठेवतो. जोरदार फेरीनंतर तो कुठवर सरकलाय हे बघितलं की शॉक किती दबला ते कळतं. आजवर शेवटचे १२ मिमी कधीच वापरले गेलेले नाहीत. तळाशी धातू आपटल्याचा ठणकन आवाज आता येत नाही. फोम दबताना एक मऊ, भरीव ‘धप्प’ येतो आणि गाडी उसळी न मारता खाली बसते. लाटांच्या रस्त्यावर तासभर चालवूनही शॉक ढिले पडल्यासारखे वाटत नाहीत. दगडांत एक चाक बंप स्टॉपवर टेकलं की ॲक्सल तिथून फिरतो आणि दुसऱ्या बाजूचं चाक जमिनीकडे ढकललं जातं. त्याने पकड खरोखर सुधारली आहे.

न आवडलेलं असं की, रिकामी गाडी उभी असताना फोम आणि पॅड यांच्यात मागे ४० मिमी असतात. सामान भरलं की गाडी २५ मिमी बसते आणि उरतात फक्त १५. मग मागची बाजू रस्त्यावरचे छोटे खड्डेही फोमवरच झेलते, आणि ते जाणवतं. कायम सामान लादून फिरणाऱ्याने आधी जास्त कडक स्प्रिंगा घ्याव्यात. स्पेसर कमी करून ही अडचण सोडवू नये.

दुसरं, डाव्या फोमची बाहेरची कड झिजली आहे. लिफ्टनंतर ॲक्सल मधोमध आणायला पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा) लांब करावा लागला. गाडी उभी असताना ॲक्सल बरोबर मध्ये दिसतो, पण पूर्ण वर गेला की रॉडची लांबी जेवढी वाढवली तेवढा बाजूला सरकतो आणि फोम पॅडच्या कडेवर दबतो. पॅड थोडं रुंद करून घेतल्यावर झीज थांबली. पॅडवर ग्रीसचं बोट लावून ठेवलं तर फोम नेमका कुठे टेकतो ते लगेच दिसतं.

लटकण्याच्या बाजूला ब्रेकची नळी, एबीएसची वायर आणि स्प्रिंगची बैठक हे तिन्ही तपासलं. नळी लांब घ्यावी लागली. स्प्रिंग बैठकीतून सुटत नाही, त्यामुळे लिमिट स्ट्रॅप (ॲक्सल फार खाली लटकू न देणारा पट्टा) लावला नाही.

ज्यांच्या गाडीत पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक आपापल्या आर्मवर वेगळं हलणारं) आहे त्यांना माझे आकडे लागू नाहीत. तिथे शॉक आर्मच्या मध्यावर कुठेतरी असतो आणि चाकाच्या हालचालीपेक्षा कमी हलतो, म्हणून मोजमाप शॉकपाशीच करावं. टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारी, पिळली जाणारी सळई) पिळून गाडी उंच केली असेल तर वरचा ट्रॅव्हल वाढतो तेवढाच खालचा कमी होतो, आणि चाक लटकताना खालच्या स्टॉपवर आपटू लागतं.

शॉक विकताना ‘२ इंच लिफ्टसाठी’ एवढंच सांगणाऱ्याकडून मी खरेदी करत नाही. मिटलेली लांबी, उघडलेली लांबी आणि सोबतच्या बंप स्टॉपची दबलेली उंची हे तीन आकडे लेखी मागावेत. पुढची फोमची जोडी घेतानाही मी हेच विचारणार आहे, कारण दबलेली उंची बदलली तर ४० चा स्पेसरही बदलावा लागेल.