अकॅडमी ट्रस्टसाठीचे कन्सल्टेशन : उत्तरे नेमकी, पण मूळ प्रश्नच गाळलेला

इंग्लंडमधील आमच्या भागातल्या एका माध्यमिक शाळेने अकॅडमी (म्हणजे कौन्सिल या स्थानिक प्रशासनाऐवजी ट्रस्टने चालवायची, सरकारी खर्चाची शाळा) होऊन एका मोठ्या ट्रस्टमध्ये सामील होण्याचा प्रस्ताव मांडला आणि त्यावर पालक, कर्मचारी व परिसरातील रहिवासी यांच्याकडून मते मागवली. शाळेच्या नावात ‘कॉलेज’ असले तरी ती 11 ते 18 वयोगटाची शाळाच आहे. इकडे असे पुष्कळ ठिकाणी आढळते. माझी मुलगी तिथे शिकते. त्यामुळे पुस्तिका वाचणे, सभेला जाणे, फॉर्म भरणे आणि शेवटी निघालेला अहवाल चाळणे हे सगळे मी केले. असे पत्र पुढेमागे आपल्यापैकी आणखी कोणाच्या घरी येईल, म्हणून या कन्सल्टेशनबद्दल सविस्तर लिहीत आहे.

शाळेने सहा आठवडे दिले होते, पण त्यातला एक आठवडा हाफ टर्मच्या सुट्टीत गेला. चौदा पानांची पुस्तिका, ऑनलाइन फॉर्म, दोन संध्याकाळच्या सभा आणि रात्रपाळी करणाऱ्यांसाठी एक सकाळची सभा, अशी मांडणी होती. कायद्याची अपेक्षा याहून बरीच कमी आहे, हे आधी सांगायला हवे. 2010च्या अकॅडमीज अ‍ॅक्टमधील पाचव्या कलमानुसार रूपांतरापूर्वी विचारविनिमय व्हावाच लागतो. पण कोणाशी करायचा हे करणाऱ्यांनीच ठरवायचे असते, किती आठवडे आणि कोणत्या रीतीने हे कायदा सांगत नाही, आणि मतदान घेण्याचे बंधन तर नाहीच. तपासणीत नापास ठरलेल्या शाळांच्या बाबतीत 2016च्या कायद्याने तेवढीही सक्ती काढून टाकली होती. या पार्श्वभूमीवर तीन सभा घेणाऱ्या शाळेला त्याचे श्रेय द्यायलाच हवे.

पुस्तिकेचा पूर्वार्ध मला मनापासून आवडला. पत्र आले त्या दिवशी सासूबाईंनी विचारले होते, “म्हणजे शाळा विकली का गं?” हा प्रश्न केवळ त्यांचाच नव्हता, कारण पुस्तिकेत तो जवळपास याच शब्दांत पहिल्या क्रमांकावर होता आणि त्याचे उत्तर आडवळणाने दिलेले नव्हते. शाळा विकली जात नाही. जमीन कौन्सिलच्या मालकीची राहून ट्रस्टला 125 वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळते. ट्रस्ट ही भागधारक नसलेली, धर्मादाय स्वरूपाची कंपनी असते आणि तिला नफा वाटता येत नाही. मुलांना फी लागत नाही. पैसा कौन्सिलमार्फत न येता करारानुसार थेट केंद्र सरकारकडून येतो. ट्रस्ट म्हटले की आपल्याला देणगीची पावती आणि संस्थापकांचा अर्धपुतळा आठवतो, त्यामुळे मराठी घरांत तरी हा खुलासा फार उपयोगी पडला. राष्ट्रीय अभ्यासक्रम अकॅडमीवर बंधनकारक नसतो, मात्र अभ्यासक्रम व्यापक आणि समतोल ठेवावा लागतो, हेही लपवलेले नव्हते. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या योजनांची कायदेशीर जबाबदारी कौन्सिलकडेच राहते, हा मुद्दा तर ठळक चौकटीत होता.

सभेतही नेमकेपणा दिसला. मागच्या रांगेतून शाळेच्या कॅन्टीनमध्ये काम करणाऱ्या एका बाई उठल्या आणि त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या : पगाराच्या चिठ्ठीवर नाव कोणाचे येणार, आणि पेन्शनचे काय होणार? शाळेच्या बिझनेस मॅनेजरने कागद न चाळता सांगितले की नाव ट्रस्टचे येईल, कर्मचाऱ्यांच्या हस्तांतरणाविषयीच्या 2006च्या नियमांनुसार सेवाशर्ती जशाच्या तशा ट्रस्टकडे जातील आणि कौन्सिल कर्मचाऱ्यांची पेन्शन योजना चालू राहील, कारण अकॅडमीलाही ती द्यावीच लागते. बाईंनी ते सगळे हातातल्या पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतले आणि मगच त्या बसल्या. संध्याकाळभरात इतके समाधानकारक उत्तर दुसऱ्या कोणालाही मिळाले नाही.

माझी तक्रार फॉर्मबद्दल आहे. ऑनलाइन फॉर्मच्या पहिल्याच पानावर असा प्रश्न होता : ट्रस्टमध्ये सामील झाल्याने होणाऱ्या पुढीलपैकी कोणता फायदा आपल्याला सर्वात महत्त्वाचा वाटतो? खाली पाच पर्याय होते. ‘यांपैकी नाही’ असा पर्याय नव्हता, ‘इतर’ नव्हता, आणि पाचांपैकी एकावर टिचकी मारल्याशिवाय पुढचे पान उघडत नव्हते. पुढे ट्रस्टने शाळेचे काय जपावे, पालकांना माहिती कशी मिळावी असे एकेक प्रश्न येत गेले; पण शाळेने अकॅडमी व्हावे की होऊ नये, हे सातही प्रश्नांत कुठे विचारलेले नव्हते. वर ज्या कलमाचा उल्लेख केला, ते कलम नेमके याच प्रश्नावर विचारविनिमय करायला सांगते. लग्न ठरवून झाल्यावर वधूला जेवणाच्या पंगतीबद्दल मत विचारावे, तसा हा प्रकार झाला. अखेर मी शाळेच्या कार्यालयातून कागदी फॉर्म मागून आणला आणि पहिल्या प्रश्नाशेजारच्या समासात माझे मत लिहिले.

विचारविनिमय कसा असावा याचे निकष इंग्लंडच्या न्यायालयांनी घालून दिलेले आहेत आणि त्यांचा उगमही शाळांच्याच वादात आहे. लंडनच्या ब्रेंट कौन्सिलविरुद्ध पालकांनी लढवलेल्या 1985च्या गनिंग खटल्यातून चार गोष्टी पुढे आल्या : प्रस्ताव कच्चा असतानाच विचारणा व्हावी, विचार करता येईल इतकी कारणे दिली जावीत, पुरेसा वेळ मिळावा आणि आलेली मते निर्णयापूर्वी मनापासून विचारात घेतली जावीत. हॅरिंगे कौन्सिलच्या करसवलतीविषयीच्या खटल्यात 2014मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे निकष उचलून धरले आणि नाकारलेल्या पर्यायांचा उल्लेखही लोकांपुढे न ठेवणे त्या प्रकरणात अन्याय्य ठरवले. आमच्या पुस्तिकेत कौन्सिलकडेच राहणे, एकट्याने अकॅडमी होणे किंवा दुसरा ट्रस्ट निवडणे या तीन पर्यायांना मिळून एक वाक्य लाभले होते : गव्हर्नरांनी (म्हणजे शाळेच्या व्यवस्थापन मंडळाने) सर्व पर्यायांचा विचार केला आहे. कोणता पर्याय का सोडला, याचा पत्ता नव्हता.

ट्रस्टमध्ये गेल्यावर काय गमवावे लागते, हेही ट्रस्टसाठी वापरलेल्या ‘कुटुंब’ या गोड शब्दाआड राहिले. अनेक शाळांच्या ट्रस्टमध्ये गेलेल्या शाळेला स्वतःचे वेगळे कायदेशीर अस्तित्व उरत नाही. स्थानिक समितीला ट्रस्ट जेवढे अधिकार सोपवेल तेवढेच तिच्याकडे असतात. आणि पुढे पटले नाही म्हणून शाळेला आपल्या मर्जीने बाहेर पडता येत नाही. ट्रस्टच्या मध्यवर्ती सेवांसाठी शाळेच्या निधीतून किती टक्के कापले जातात, असे मी सभेत विचारले तेव्हा ‘त्यावर बोलणी चालू आहेत’ असे उत्तर मिळाले. घरी येऊन मी कंपनी निबंधकाच्या म्हणजे कंपनीज हाउसच्या संकेतस्थळावर ट्रस्टचे हिशेब उघडले, जे कोणालाही फुकट पाहता येतात. 31 ऑगस्टला संपलेल्या वर्षाच्या ताळेबंदाखालील टिपांमध्ये प्रत्येक शाळेकडून घेतलेली रक्कम आणि ती ठरवण्याची पद्धत शाळावार छापलेली होती. जो आकडा सभेत मंचावरच्या चौघांपैकी एकालाही सांगता आला नाही, तो शोधायला मला चहा निवेपर्यंतही वेळ लागला नाही.

पुस्तिका फक्त इंग्रजीत होती. मागितल्यास दुभाषा मिळेल अशी ओळ शेवटच्या पानावर, तीही इंग्रजीतच, छापलेली होती.

मुदत संपल्यावर चारच दिवसांत गव्हर्नरांची बैठक झाली आणि प्रस्ताव मंजूर होऊन शिक्षणमंत्र्यांच्या वतीने निर्णय घेणाऱ्या विभागीय संचालकांकडे गेला. कन्सल्टेशनचा अहवाल मात्र प्रामाणिक वाटला. विरोधी मतेही त्यात त्यांच्याच शब्दांत होती, जरी माझी समासातली ओळ ‘इतर सूचना’ या सदरात जाऊन बसली. रहिवाशांच्या आग्रहावरून प्रवेशाचे क्षेत्र (ज्या भागातल्या मुलांना प्रवेशात प्राधान्य मिळते तो भाग) वेगळ्या विचारविनिमयाशिवाय बदलणार नाही, असे आश्वासन ठरावात आले. शाळाप्रवेशाची सरकारी संहिता अकॅडमीलाही ते बंधन घालतेच, त्यामुळे ही सवलत कोणी कोणाला दिली हे मला अजून कळलेले नाही.

माहितीसाठी पाचपैकी चार, सभांसाठी साडेतीन आणि फॉर्मसाठी एक गुण मी देईन. आपल्याकडे असे पत्र आले, तर सभेपूर्वी ट्रस्टचे हिशेब वाचून जावे, टक्केवारीचा प्रश्न लेखी विचारावा आणि फॉर्म कागदीच मागावा. त्याला निदान समास तरी असतो.