पत्रकार परिषद की थेट रेडिओ?

पत्रकारितेचा अभ्यास करणाऱ्या भाचीने विचारलं, 'मामा, पंतप्रधान कार्यालयाचा कारभार समजायला काय ऐकू? पत्रकार परिषद की मन की बात?'

पोहोच पाहिली, तर रेडिओच सरस. ३ ऑक्टोबर २०१४ पासून आकाशवाणीवरचं हे भाषण मराठीतही गावोगाव पोहोचतं. पण विषय कार्यालय ठरवतं, उलटप्रश्न नसतो.

पत्रकार परिषदेत तोच असतो. ३ जानेवारी २०१४ ला मनमोहन सिंग दिल्लीत घोटाळे, महागाईवरच्या प्रश्नांना सामोरे गेले. अशा बैठकीची तयारी कार्यालयाला जड जाते, चुकीचा शब्दही महागात पडतो. तरी माझं मत तिलाच, कारण टाळलेलं उत्तरही तिथे दिसतं.

योजना समजून घ्यायची असेल तर रेडिओ ऐक; जाब विचारलेला पाहायचा असेल तर पत्रकार परिषद.